याला जुगाड म्हणू नका

‘जुगाड’ या शब्दाशी माझं भांडण आहे. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की रील्सकडे परत जायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

तुमच्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला एक तरी व्हिडिओ येतच असणार. कुणी पत्र्याच्या ड्रमचा कूलर केलेला असतो, कुणी मोटरसायकलच्या इंजिनावर शेतातला पंप चालवत असतो. खाली हसण्याचे इमोजी आणि ‘इंडिया इज नॉट फॉर बिगिनर्स’ ही ठरलेली कमेंट. तो पंप बसवताना त्या माणसाने पुलीचा व्यास कसा काढला, फेरे किती ठेवले, पट्टा घसरू नये म्हणून काय केलं, हे कुणी विचारत नाही. त्याचं नाव तर विचारायचा प्रश्नच नाही. ‘काय जुगाड आहे!’ म्हटलं की चौकशी संपली. शाबासकी देऊन विषय बंद करणारा हा शब्द आहे. शिवी परवडली, तिच्यावर निदान भांडता तरी येतं.

माझ्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक नळी आहे. लांबी २७.९१ मिलिमीटर. एका तोंडाला आतून ४२ मिलिमीटरचे आटे, दुसऱ्या तोंडाला बाहेरून एक इंचाचे. एका बाजूला स्टिल कॅमेऱ्याची जुनी रशियन लेन्स बसते आणि दुसरी बाजू १६ मिलिमीटर फिल्मच्या मूव्ही कॅमेऱ्यात जाते. ही नळी भुसावळला एका लेथवर झाली. पुण्यातल्या ऑफिसात ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. कोणता, ते तुम्ही ओळखलं असेल. त्या शब्दाला हे उत्तर.

आधी वस्तू समजून घेऊ. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म आणली ती हौशी लोकांसाठी. १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आली, १९६५ मध्ये सुपर ८. थिएटरसाठीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा या फिल्म्स स्वस्त आणि त्यांचे कॅमेरे हातात धरून चालवता येतील एवढे लहान. यातल्या चांगल्या कॅमेऱ्यांची लेन्स काढून दुसरी बसवता येते. स्वित्झर्लंडचा बोलेक्स एच-१६ हा त्यांतला सगळ्यांत गाजलेला. चावी भरायची, बटण दाबायचं, फिल्म चालायला लागते. सेल नको, चार्जर नको. १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपतं.

बोलेक्सच्या तोंडाला ‘सी-माउंट’ असतं : एक इंच व्यास, एका इंचात ३२ आटे. लेन्स जिथे टेकते त्या सपाट कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर १७.५२६ मिलिमीटर धरलेलं असतं. याला फ्लँज अंतर म्हणतात आणि सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. लेन्स बनवणारा कारखाना गृहीत धरतो, की बैठकीपासून अमुक अंतरावर फिल्म असेल. ते अंतर पाळलं तरच लेन्सवरच्या ‘अनंत’च्या खुणेवर दूरचा डोंगर स्पष्ट येतो. स्टिल एसएलआरमध्ये आरसा वर उचलायला जागा लागते, म्हणून तिथे हे अंतर मोठं. रशियन झेनिट कॅमेऱ्यांच्या एम-४२ आट्यांच्या लेन्सला ते ४५.४६ मिलिमीटर लागतं. ४५.४६ मधून १७.५२६ वजा करा. उरले २७.९३४. तेवढ्या लांबीची पोकळ नळी मध्ये घातली, की फिल्म लेन्सपासून नेमकी झेनिटमध्ये असते तेवढ्याच अंतरावर येते. गणित एवढंच.

पण ही वजाबाकी धातूत उतरवायची असते. लेन्स एफ/२ वर पूर्ण उघडी असेल, तर १६ मिलिमीटरच्या फिल्मवर पुढेमागे साधारण ०.०२५ मिलिमीटर एवढीच सूट मिळते. झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे कागदाच्या जाडीचा पाव हिस्सा. नळी एका कागदाएवढी लांब झाली तर काय होईल? माझी लेन्स ५८ मिलिमीटरची आहे. ५८ चा वर्ग, भागिले ०.१. उत्तर ३३,६४० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३४ मीटर. त्याच्या पलीकडे ती लेन्स फोकस होणारच नाही, रिंग कितीही फिरवा. भुसावळच्या फलाटाच्या हिशेबात हे दीड डबा अंतर झालं. त्यापुढची गाडी हळूहळू मऊ होत जाणार आणि टोकाचा सिग्नल कायमचा धुसर. उलट नळी किंचित आखूड असली तर निभावतं. लेन्स अनंताच्या थोडी पुढे जाते, पण व्ह्यूफाइंडरमधून बघून फोकस लावता येतो. म्हणून नळी मुद्दाम दोन शतांश मिलिमीटर आखूड ठेवायची. टेबलावरचा आकडा २७.९१ आहे तो यामुळे.

दोन शतांश मिलिमीटर अंदाजपंचे साधत नाही. इथेच ‘जुगाड’ या शब्दाचा आणि या वस्तूचा संबंध तुटतो.

भुसावळला लेथचं अप्रूप नाही. रेल्वेचं गाव. लोको शेड, वर्कशॉप, आयुध निर्माणी, जवळ दीपनगरचं वीज केंद्र. यांच्या आधाराने टर्नर-फिटरांच्या पिढ्या वाढल्या. माझ्या घरीही व्हर्नियर कंपासपेटीच्या शेजारीच असायचा. ज्या काकांनी नळी केली त्यांचं रोजचं काम शेतातल्या पंपांचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश. १६ मिलिमीटरचा कॅमेरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी सगळं समजावून सांगितल्यावर सोबतचा मित्र म्हणाला, ‘अठ्ठावीसच धरा ना काका.’ काकांनी चष्म्यावरून बघितलं. ‘अठ्ठावीस का सत्तावीस पॉइंट त्र्याण्णव? एकच काय ते सांग भो.’

मग त्यांनी आटे मोजायची गेज काढून दोन्ही आटे तपासले, कुठली कड धरून लांबी मोजायची ते विचारलं, आणि नळीच्या आत बोट फिरवून म्हणाले, ‘हे आतून चमकीन ना. उजेड इकडंतिकडं उडीन.’

हे वाक्य मी विसरणार नाही. स्टिल लेन्स मूव्ही कॅमेऱ्यावर लावण्यातली खरी अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली होती. ही लेन्स ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीसाठी बनलेली. १६ मिलिमीटरची चौकट १०.२६ × ७.४९. क्षेत्रफळ काढून बघा, जेमतेम अकरावा हिस्सा भरतो. बाकीचा उजेड फिल्मच्या बाहेर पडतो, नळीच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून उडून चित्रावर पांढरट पडदा धरतो. काळ्याचा काळेपणा जातो. काकांनी नळीला आतून बारीक खाचा पाडल्या आणि वर काळा मॅट रंग दिला. लेन्स बनवणारे कारखानेही आतल्या भिंतींना हेच करतात. काकांना ते कुणी सांगितलं नव्हतं. चकचकीत कातलेला पृष्ठभाग उजेडात कसा वागतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या कामातून ठाऊक होतं.

पहिले दोन नग त्यांनी स्वतःच मोडीत टाकले. तिसरा दिला आणि बिल एकाचंच लावलं. मी तिन्हींचे पैसे देऊ केले, तर म्हणाले, ‘वाया गेलेला माल आमचा.’ शेवटी बरीच हुज्जत घालून घ्यायला लावले. जुगाड या शब्दाचा हा दुसरा तोटा. जुगाड म्हणजे स्वस्त, असं आपण धरूनच चालतो. मोजमापाला, मोडीत गेलेल्या नगांना, चाळीस वर्षांच्या हाताला त्यात दरच नाही. आपण तोंडभर कौतुक करतो आणि पैसे चहापाण्याचे देतो.

आता जगातली एक जोडणी बघू. १९७५ चा ‘बॅरी लिंडन’. स्टॅन्ली कुब्रिकला मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्यं टिपायची होती. त्याने झाइसची ५० मिलिमीटर, एफ/०.७ ची लेन्स मिळवली. ती नासासाठी बनलेली होती, स्टिल फोटोंसाठी. तिचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ यावं लागतं की मूव्ही कॅमेऱ्याचं शटर आड येतं. सिनेमा प्रॉडक्ट्स कंपनीच्या एड डीज्युलिओने मिचेल बीएनसी या ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचा आतला भाग कातून ती बसवली. तो कॅमेरा पुढे जवळपास त्या एका लेन्सपुरताच उरला. त्या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी जॉन ऑलकॉटला ऑस्कर मिळालं.

एका कामासाठी बनलेली लेन्स, दुसऱ्या कामासाठी बनलेला कॅमेरा, मध्ये एक लेथ. सिनेमाच्या पुस्तकांत याला अभियांत्रिकी म्हणतात, प्रतिभा म्हणतात. डीज्युलिओचं नाव नोंदलं गेलं, त्याने काय कातलं तेही नोंदलं गेलं. जुगाड कुणी म्हटलं नाही.

आता आमच्याकडे या. भुसावळपासून काही तासांच्या अंतरावर मालेगाव. शेख नासिरने २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे फैझा अहमद खानने ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि सगळ्या जगाला कळलं, की ही मंडळी चालत्या शॉटसाठी सायकल वापरतात आणि क्रेन म्हणून बैलगाडी. २०२५ मध्ये त्यांच्यावर रीमा कागतीचा मोठा हिंदी चित्रपटही आला. जिथे तिथे कौतुकाचा शब्द एकच. बैलगाडीचं धुरं खाली दाबलं की दुसरं टोक किती वर जाईल, वजन कुठे ठेवलं तर हिसका बसणार नाही, हा तरफेचा हिशेब आहे. तो त्यांनी केला म्हणून शॉट आला. पण तो हिशेब विचारायला कुणी थांबलं का?

आणि शेजारी चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९). घरात बसून टेबलावर मांडणी करून त्यांनी टेबल-टॉप फोटो काढले. हाताशी असलेल्या वस्तूंतून अख्खा देखावा उभा करायचा, उजेड लावायचा, टिपायचा. त्यांच्या कामाला आपण साधना म्हणतो, आणि ती होतीच. मग मालेगावच्या पॉवरलूमवाल्यांची साधना का नाही? मला तर दिसतं ते असं : परदेशात केलं तर इंजिनिअरिंग, एकांतात केलं तर साधना, आणि चार गरीब लोकांनी मिळून चौकात केलं तर जुगाड. शब्द कामावरून ठरत नाही, करणाऱ्यावरून ठरतो.

मराठी सिनेमाच्या मुळाशीच एक लेथ आहे, हेही आपण विसरतो. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, कारागिरांच्या घरातले. भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी कॅमेरा बनवायची खटपट सुरू केली. आनंदराव १९१६ मध्ये गेले. नंतर विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून बाबूरावांनी चालणारा मूव्ही कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. पुढे हेच दामले ‘प्रभात’च्या संस्थापकांत होते. मूव्ही कॅमेरा म्हणजे काय याचा जरा विचार करा. फिल्म एक फ्रेम पुढे सरकली पाहिजे, तिथे साफ थांबली पाहिजे, मग शटर उघडलं पाहिजे, पुन्हा झाकून पुन्हा सरकली पाहिजे. सेकंदाला सोळा-सोळा वेळा, आणि दर वेळी त्याच जागी. एका केसाचा फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम हातांनी केलेल्या माणसांचा आपण ‘स्वदेशीचा चमत्कार’ म्हणून सत्कार करतो. चमत्कार म्हटलं की कसं केलं ते शिकवावं लागत नाही. जुगाड आणि चमत्कार, दोन्ही शब्दांनी मधली मेहनत गिळून टाकली आहे.

२०१२ मध्ये ‘जुगाड इनोव्हेशन’ नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत हा शब्द मानाने बसला. कमी साधनांत जास्त काम, वाकतील तसे नियम, भारताकडून जगाने शिकावं वगैरे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय होतो ते रोज बघतो. रात्री दोन वाजता कुणीतरी एक ठिगळ लावतं, का लावलं ते लिहून ठेवत नाही, सकाळी मॅनेजर ‘मस्त जुगाड’ म्हणतो आणि सहा महिन्यांनी ते ठिगळ कुणालाच उलगडत नाही. नीट करायला वेळ आणि माणसं न देणाऱ्यांना हा शब्द फार सोयीचा आहे. साधनं का कमी होती, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

काकांची नळी याच्या बरोबर उलट आहे. ती लागू पडली कारण सी-माउंट हे ठरलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं माप आहे. १९२० च्या दशकात बेल अँड हॉवेलच्या फिल्मो कॅमेऱ्यांबरोबर आलेले हे आटे आजही कारखान्यांत वस्तू तपासणाऱ्या कॅमेऱ्यांवर असतात. एम-४२ चंही तसंच. रशियात क्रास्नोगोर्स्कच्या ज्या कारखान्यात झेनिट बनायचे, त्याच कारखान्याने क्रास्नोगोर्स्क-३ हा १६ मिलिमीटरचा मूव्ही कॅमेरा काढला आणि त्याला तेच एम-४२ आटे दिले. झेनिटची लेन्स काढा, थेट त्याच्यावर बसवा. नळीचीही गरज नाही. तिथल्या इंजिनिअरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, की एका घरातल्या वस्तू एकमेकींना बसल्या पाहिजेत.

ही वृत्ती आता मागे पडत चालली आहे. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणलं, त्यात ॲपर्चर विजेवर चालतं. कॅमेऱ्याने हुकूम दिल्याशिवाय पाकळ्या हलत नाहीत, त्यामुळे चावीच्या मूव्ही कॅमेऱ्यावर ती लेन्स बसली तरी उजेड कमी-जास्त करता येत नाही. निकॉनच्या जी मालिकेच्या लेन्सवरून ॲपर्चरची रिंगच गेली. पुढे, २०२२ मध्ये कॅननने पेटंटचं कारण देऊन व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवायला लावलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला काही लेन्ससाठी परवाना दिला. म्हणजे कुणी जोडायचं हे आता कंपनी ठरवणार. ऑटोफोकसचे फायदे आहेत, मीही वापरतो. पण फायद्याबरोबर काय हातातून गेलं तेही मोजलं पाहिजे.

तुमच्या हातातल्या फोनला तीन लेन्स असतील. एकही निघत नाही. कुठली कधी वापरायची हे बऱ्याचदा सॉफ्टवेअर ठरवतं, मागची पार्श्वभूमी धुसर करायची तर तेही गणित करून रंगवून देतं. चित्र छान येतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही, की त्यात तुम्ही काही मोजलेलं नसतं. चित्र तसं का आलं, ते तुम्हाला सांगता येत नाही. ‘सिनेमॅटिक’ नावाचं बटण दाबलं, एवढंच सांगता येतं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला, की फिल्म महाग आहे, हे चोचले कुणाला परवडतात? खरं आहे. मीही रीळ जपून वापरतो. कॅमेरा सुरू करण्याआधी दहा वेळा विचार करतो. पण माझा मुद्दा फिल्मचा नाहीच. रास्पबेरी पायचा एचक्यू कॅमेरा २०२० मध्ये आला. त्याला हेच सी-माउंट आहे आणि त्याच्या सेन्सरचा कर्ण ७.९ मिलिमीटर, सुपर ८ च्या फ्रेमपेक्षा जरासाच मोठा. तीच नळी, तीच झेनिटची लेन्स, तीच वजाबाकी. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत अशा लेन्स धूळ खात आहेत.

दुसरा, की याने चित्र चांगलं येतं का? काही बाबतींत येतं, काही बाबतींत नाही. १६ मिलिमीटरचा फ्रेम लहान असल्यामुळे ५८ मिलिमीटरची लेन्स स्टिल कॅमेऱ्यावरच्या सुमारे २०० मिलिमीटरसारखी वागते. सुपर ८ वर तर साडेतीनशेच्या पुढे. लांबून चेहरा टिपायचा, तापीच्या पलीकडचा काठ जवळ आणायचा, तर उत्तम. दहा बाय दहाच्या खोलीत अख्खं घर टिपायचं, तर निरुपयोगी. तिथे १६ साठीच बनलेली आखूड लेन्सच हवी. रिफ्लेक्स बोलेक्समध्ये लेन्सच्या मागे प्रिझम असतं, त्यामुळे ५० मिलिमीटरपेक्षा आखूड अशा साध्या लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या तर चित्र मऊ येतं. लेन्सचा मधला, सगळ्यांत चांगला भागच वापरला जातो हे खरं, पण लहान फ्रेम मोठ्या पडद्यावर जास्त ताणला जातो, म्हणून मूळची मऊ लेन्स इथे आणखी मऊ दिसते. झेनिटच्या हेलिऑस ४४-२ ची ॲपर्चर रिंग टकटक न करता सलग फिरते, म्हणून शॉट चालू असताना उजेड सावकाश बदलता येतो. हे सगळं आधी कागदावर काढता येतं आणि मग फिल्मवर पडताळता येतं. आपलं काम कुठे चालणार नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला ते काम येतं.

पण खरा मुद्दा चांगल्या चित्राच्या पुढचा आहे. १९७४ मध्ये आनंद पटवर्धन बिहार आंदोलनाचं चित्रण करायला पाटण्यात होते. हाताशी होता मागून आणलेला सुपर ८ कॅमेरा. ती फिल्म मोठ्या प्रमाणावर दाखवता येण्यासारखी नव्हती. मग ती पडद्यावर टाकून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपली. त्यातून ‘क्रांती की तरंगें’ उभा राहिला. आणीबाणीत त्याच्या प्रती लपवून ठेवाव्या लागल्या, देशाबाहेर न्याव्या लागल्या. एका मापाची वस्तू दुसऱ्या मापाला जोडता आली म्हणून ते चित्रण आज आपल्याकडे आहे. ज्याला जोडता येतं, त्याला दर वेळी परवानगी मागावी लागत नाही. साधनं कुणाच्या ताब्यात आहेत, या प्रश्नाचं हे सरळ उत्तर आहे.

आणि ही जोडण्याची विद्या आमच्या डोळ्यांसमोर जाते आहे. मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतली. पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय होता. लोखंडाचा तुकडा घासून खाचेत बसवायचा, त्याला जॉब म्हणायचे. आधीच्या बॅचचे जॉब घासूनपुसून पुन्हा जमा व्हायचे आणि सही मिळायची. टॉलरन्स हा शब्द आम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहिला. तो चुकला तर गाडीच्या टोकाचा सिग्नल धुसर येतो, हे कुणी दाखवलं नाही. तिकडे आयटीआय झालेला टर्नर ते रोज हाताने करत होता, पण त्याला वर्गात बोलवायची पद्धत नव्हती. आता त्याचा मुलगा लेथवर बसत नाही. का बसावं? त्याच्या बापाच्या कामाला लोक हसून जुगाड म्हणतात आणि बिलात घासाघीस करतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला खाचेतल्या तुकड्याऐवजी अशी एखादी नळी करायला द्या, जिचा परिणाम डोळ्यांना दिसतो. आणि ती शिकवायला गावातल्या टर्नरला मानधन देऊन बोलवा. कुणाकडून काही बनवून घेतलं तर मोडीत गेलेल्या नगांचेही पैसे द्या. बनवलं तर माप लिहा, चित्र काढा, मराठीत लिहा, कुणी केलं त्याचं नाव त्याला विचारून खाली टाका. आमच्या काकांनी नाव छापू नको म्हणून सांगितलं, म्हणून इथे नाही. मात्र नळीच्या ड्रॉइंगवर त्यांची सही आहे. आणि पुढच्या वेळी तो व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी एक प्रश्न टाइप करा : हे मोजलं कसं?

माझ्यापुरतं मी इथेच करून टाकतो. फ्लँज अंतरं मिलिमीटरमध्ये : सी-माउंट १७.५२६. जुन्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यांचं डी-माउंट १२.२९. एम-४२ आणि पेंटॅक्स के, दोन्ही ४५.४६. निकॉन एफ ४६.५. लायकाचे ३९ मिलिमीटरचे आटे २८.८. सी-माउंटच्या कॅमेऱ्यावर चढवायला नळीची लांबी : एम-४२ साठी २७.९३, निकॉनसाठी २८.९७, लायकासाठी ११.२७. दोन शतांश आखूड ठेवा, लांब नको. आतून खाचा पाडा, काळा मॅट रंग द्या. लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे ना, ते आधी बघा. ही मापं कुणाच्या मालकीची नाहीत. उतरवून घ्या आणि जवळच्या लेथवर जा.